प्रशालेचा निकाल ८१ टक्के आहे, म्हणून लेकीला तिथं घालू नये का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून ताई विचारतात: मुलगी यंदा सातवी पास झाली. घरापासून चालत दहा मिनिटांवर जिल्हा परिषदेची प्रशाला आहे, तिचा दहावीचा निकाल ८१ टक्के. पाऊण तासावर एक खासगी शाळा आहे, तिच्या फाटकावर 'सलग चार वर्षे १०० टक्के'चा फ्लेक्स. शेजारपाजारचे म्हणतात, प्रशालेत ऊसतोडवाल्यांची आणि तांड्यावरची पोरं असतात, तिथं कसला अभ्यास होणार. मग काय करावं?

मी अशाच प्रशालांमध्ये एकोणतीस वर्षं गणित शिकवलं, त्यातली शेवटची आठ वर्षं मुख्याध्यापक म्हणून. तेव्हा माझं मन कुणीकडे झुकणार हे उघड आहे. ते धरूनच पुढचं वाचा.

पुण्या-साताऱ्याकडच्या वाचकांसाठी आधी एक गोष्ट सांगतो. त्यांच्याकडे जिल्हा परिषदेची शाळा म्हणजे सातवी-आठवीपर्यंत. पुढचं हायस्कूल बहुतेक ठिकाणी 'रयत'सारख्या संस्थेचं असतं. मराठवाड्यात निजामाच्या राज्यात हायस्कुलं सरकारी होती. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि ती त्यांच्याकडे आली. म्हणून आमच्याकडे अजून पाटीवर 'जि. प. प्रशाला' लिहिलेलं दिसतं, आणि काही ठिकाणी त्याच आवारात उर्दू माध्यमाची तुकडीही असते. प्रशालेला कुणाला नाही म्हणता येत नाही. दाखला घेऊन आलेल्या लेकराला घ्यायचंच, दाखला नसला तरी घ्यायचं. पुढचं सगळं इथूनच सुरू होतं.

आता ८१ आणि १००. टक्का काढताना खाली कोणती संख्या धरली, हे कुणी विचारत नाही. दहावीच्या निकालात भागिले असतं ते परीक्षेला बसलेल्या नियमित विद्यार्थ्यांनी. आठवीला आलेल्यांनी नाही, नववीत असलेल्यांनीही नाही. समजा एका शाळेत नववीला पन्नास मुलं होती. त्यातली दहा नववीतच राहिली किंवा दाखला घेऊन गेली, पाच जणांना 'फॉर्म नंबर १७' भरायला लावला, पस्तीस बसली आणि पस्तीसही पास झाली. निकाल शंभर टक्के. शेजारच्या शाळेत नववीला पन्नास होती, अठ्ठेचाळीस बसली, एकोणचाळीस पास झाली. निकाल ८१.२५. पहिल्या शाळेनं पन्नासातली पस्तीस पोचवली, दुसरीनं एकोणचाळीस. फ्लेक्स मात्र पहिल्या शाळेचा लागतो.

फॉर्म सतरा म्हणजे खासगीरीत्या परीक्षेला बसण्याचा अर्ज. मुळात ही सोय शाळा सुटलेल्या, कामाला लागलेल्या माणसासाठी आहे, आणि तेवढ्यापुरती फार चांगली आहे. पण नववीच्या वार्षिक परीक्षेनंतर पालकांना बोलावून 'याचं रेग्युलरला अवघड आहे, सतरा नंबरनं बसवा' असं सांगितलं, की ते लेकरू शाळेच्या निकालातून अलगद बाहेर पडतं. त्याचा निकाल वेगळ्या रकान्यात मोजला जातो. २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेत राज्याचा नियमित विद्यार्थ्यांचा टक्का ९४.१० होता. खासगीरीत्या बसलेल्या २८,०२० जणांपैकी २२,५१८ पास झाले, म्हणजे ८०.३६ टक्के. पुनर्परीक्षार्थी २३,९५४ होते, त्यातले ९,४४८ निघाले, म्हणजे ३९.४४. तीन रकान्यांतला पहिलाच तेवढा दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मोठ्या टायपात येतो.

हे मी बाहेरून बघून सांगत नाही. मुख्याध्यापक झालो त्याच्या दुसऱ्याच वर्षी मी स्वतः तीन पोरांच्या बापांना बोलावून हेच सांगितलं होतं. वरून विचारणा होती, 'तुमचा निकाल केंद्रात सगळ्यात कमी का?' त्यावर्षी निकाल वर गेला, सत्कार झाला, नारळ मिळाला. तिघांपैकी एकानंच पुढं परीक्षा दिली. दुसरा मला अजून बाजारात भेटतो, टेम्पो चालवतो, 'सर चहा घ्या' म्हणतो. चहा घेतो, पण तो घशाखाली लवकर उतरत नाही.

लहान संख्येचाही घोळ असतो. अठरा पोरांच्या वर्गात एक नापास झालं की साडेपाच टक्के गेले. यंदा शंभर, पुढच्या वर्षी ८३, आणि मधे शिकवणारे तेच. २०२५ ला राज्यातल्या ७,९२४ शाळांचा निकाल शंभर टक्के लागला. तेव्हा शंभर टक्के ही काही दुर्मिळ गोष्ट राहिलेली नाही.

बरं, पास होणं म्हणजे तरी काय? विषयाला शंभर गुण. भाषा, गणित, विज्ञान सगळीकडे ऐंशी लेखी, वीस शाळेच्या हातात. दोन्ही मिळून ३५ झाले की पास. शाळेनं वीसपैकी अठरा दिले तर लेखीत ऐंशीपैकी सतरा पुरतात. हे वीस गुण काय करतात ते २०१९ साली राज्यानं बघितलं. त्या वर्षी नवा अभ्यासक्रम होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते. आदल्या वर्षी ८९.४१ असलेला राज्याचा निकाल ७७.१० वर आला. गुण परत आले आणि २०२० ला निकाल ९५.३० झाला. पोरं तशीच, मास्तर तेच. म्हणून मी पासचा टक्का बघतच नाही. विशेष प्राविण्यात किती, प्रथम श्रेणीत किती, आणि गणित-विज्ञानात साठच्या वर किती, एवढं विचारतो. राज्यात २०२५ ला पास झालेल्या १४,५५,४३३ पैकी ४,८८,७४५ मुलांना ७५ टक्क्यांच्या वर गुण होते, म्हणजे तिघांत एक. तुमच्या दोन्ही शाळांत तिघांत एक आहे का, हे विचारा. शंभर टक्केवाल्या शाळेत ते प्रमाण पाचात एक निघालेलं मी पाहिलंय.

आता शेजाऱ्यांच्या बोलण्याकडे येऊ. प्रशालेत ऊसतोडवाल्यांची लेकरं असतात, हे खरंच आहे. त्याचा निकालावर परिणाम होतो, हेही खरं. पण तो कसा होतो, ते शेजाऱ्यांना माहीत नाही.

नोव्हेंबरचा हजेरीपट उघडा. दिवाळीपर्यंत ओळीनं हजेरी असते, मग एकाएकी एका नावापुढे गैरहजेरीची रांग लागते, आणि शेऱ्याच्या रकान्यात वर्गशिक्षकानं पेन्सिलीनं लिहिलेलं असतं, 'कारखान्याला'. पेन्सिलीनं, कारण पोरगं परत आलं तर खोडायचं असतं. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली असते, नवरा-बायको मिळून मजुरीच्या हिशेबात एक कोयता, आणि दहावीचं पोरगं म्हणजे अर्धा कोयता. गळीत हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. ही दोन वेळापत्रकं एकमेकांवर जितकी नेमकी बसतात, तितकं शाळेचं वेळापत्रकही कधी बसत नाही. मागं राहिलेलं लेकरू आजीजवळ असतं. पाणी भरायचं, धाकट्यांना बघायचं, शेरडं असतील तर तीही. हंगामी वसतिगृहांची सोय आहे, पण तिचा भर लहान वर्गांवर.

आणि आठवीनंतर बरंच काही एकदम थांबतं. शाळेतली खिचडी आठवीपर्यंत, फुकट पुस्तकं आठवीपर्यंत, शिक्षण हक्क कायदा चौदा वर्षांपर्यंत. घरची परिस्थिती मात्र तीच. त्यामुळे पटाची खरी गळती आठवी ते दहावी या दोन उंबऱ्यांवर होते. निकालाच्या टक्क्यात ती दिसत नाही, कारण गळालेलं लेकरू भागाकारात येतच नाही.

मुलींचं वेगळं सांगतो, कारण तुमची मुलगी आहे. बोर्डात मुली मुलांच्या पुढे असतात. २०२५ ला मुली ९६.१४ टक्के, मुलं ९२.३१. हे वाचून सगळे खूश होतात. पण बसल्या त्या मुलींचा हा टक्का आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, वीस ते चोवीस वयाच्या ज्या बायकांची लग्नं अठराच्या आत झाली त्यांचं प्रमाण राज्यात २१.९ टक्के आणि आपल्या बीड जिल्ह्यात ४३.७ टक्के निघालं. ऊसतोडीला जाताना पोरगी मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा आईबापांचा प्रश्न खोटा नाही. त्याला त्यांनी शोधलेलं उत्तर म्हणजे लग्न. दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीच्या वर्गात मुलींचा एखादा बाक रिकामा दिसला, की अनुभवी बाई कुणाला काही न विचारता थेट घर गाठतात. आमच्या प्रशालेत अशा एक बाई होत्या. मराठी शिकवायच्या. किती लग्नं थांबवली याची नोंद कुठल्या अहवालात नाही आणि निकालात तर नाहीच. उलट त्यांनी परत आणलेली मुलगी दोन महिन्यांचा अभ्यास बुडालेला घेऊन परीक्षेला बसायची आणि एखाद्या विषयात जायची. निकाल त्यामुळे खाली यायचा. बाईंनी तिला घरीच राहू दिलं असतं तर तो वर राहिला असता.

तांड्यावरच्या, म्हणजे बंजारा वस्तीवरच्या, पोरांबद्दल एकच सांगतो. ती घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलतात, शाळेत मराठी शिकतात, आणि सेमी तुकडीत गणित-विज्ञान इंग्रजीत. विज्ञानाच्या उत्तरात वाक्य मोडकं असतं, म्हणून गुण जातात. प्रयोग मात्र तोच पोरगा नीट करतो. पाचवी-सहावीत भाषेवर मेहनत झालेली असली तर दहावीपर्यंत हा फरक उरत नाही. झालेली नसली तर आम्ही हायस्कूलवाले दोन वर्षांत काही फार करू शकत नाही, हे कबूल करतो.

आणखी एक गट गेल्या काही वर्षांत वाढलाय, तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांवर खासगी इंग्रजी शाळेत गेलेली लेकरं. त्यांची फी सरकार आठवीपर्यंत भरतं. नववीला ती घरच्यांच्या गळ्यात येते, आणि मग यातली काही मुलं प्रशालेत येतात. आठ वर्षं इंग्रजीत शिकलेलं पोरगं 'समांतर रेषा', 'छेदिका' हे शब्द पहिल्यांदा ऐकतं. हुशार असतं, पण पहिल्या चाचणीत सपशेल पडतं. आमच्याकडे असं एक पोरगं भूमितीच्या तासाला वहीत दोन रकाने करायचं, डावीकडे माझा शब्द, उजवीकडे त्याचा. ती वही मी पुढच्या वर्षी त्याच्यासारख्या दुसऱ्याला दिली.

तुकड्यांकडेही बघा. बऱ्याच शाळांत 'अ' तुकडी सेमीची आणि 'ब' मराठीची. कागदावर ही पालकांची निवड असते. वर्गात जाऊन बघितलं तर 'अ'मध्ये नोकरदारांची आणि दुकानदारांची, 'ब'मध्ये मजुरांची. गणिताचा चांगला शिक्षक 'अ'ला, आणि 'ब'चा तास ऑफ. एकाच शाळेचा एकच निकाल छापला जातो, पण आत दोन शाळा चालू असतात. तुमच्या मुलीला कोणत्या तुकडीत घालणार आणि तिथं गणित कोण शिकवणार, हा प्रश्न शाळेच्या टक्क्याहून मोठा आहे.

लोक लातूरचं उदाहरण देतात, म्हणून जाता जाता. परीक्षेची कसून तयारी करून घेणाऱ्या 'लातूर पॅटर्न'चा दबदबा राज्यभर आहे, पण २०२५ च्या दहावीला लातूर विभागाचा निकाल ९२.७७ टक्के, नऊ विभागांत आठवा. कोकण ९८.८२ टक्क्यांनी पहिला. विभागात लातूर, नांदेड, धाराशिव हे तीन अख्खे जिल्हे येतात, सगळ्या थरांतली लेकरं धरून. पॅटर्न ज्यांनी गाजवला ती निवडून आलेली पोरं होती. एकाच गावाच्या नावावर दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

इथवर वाचून एखाद्या मास्तराला बरं वाटलं असेल, की बघा, पोरंच तशी, आमचा काय दोष. त्यांना सांगतो, असं नाही. हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत हजार वेळा ऐकलंय, आणि ज्या शाळेत ते रोज ऐकू येतं तिथं पोरं आणखी मागं पडतात. लेकरं कुठून आली हे समजून घ्यायचं ते काय करायचं हे ठरवण्यासाठी. कारखान्याला जाणाऱ्या मुलांची यादी सप्टेंबरमध्येच करून त्यांचे कठीण धडे दिवाळीआधी उरकणारी शाळा मी पाहिली आहे. आणि तीच यादी जानेवारीत 'गैरहजर विद्यार्थी' म्हणून वर पाठवून मोकळी होणारीही.

म्हणून दोन शाळांची तुलना करायची तर पोरं आत आली तेव्हा कुठं होती आणि बाहेर पडली तेव्हा कुठं, हे बघायला हवं. आम्ही आठवीच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाकडून एक उतारा वाचून घ्यायचो आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला लावायचो. ज्याला भागाकार येत नव्हता त्याच्या नावापुढे टिंब. दहावीला त्या टिंबवाल्यांचं काय झालं, तेवढंच मी शेवटी तपासायचो. टिंबवाल्या पोराला गणितात ४५ मिळाले, की मला पहिल्या नंबरच्या पोराच्या ९८ पेक्षा जास्त आनंद व्हायचा. हा हिशेब कुणी मागत नाही, पण मुख्याध्यापकाला विचारून बघा: 'आठवीत कच्ची आलेली मुलं दहावीत काय करतात?' उत्तर देताना ते आकडा सांगतात, एखाद्या लेकराचं नाव सांगतात, की विषय बदलतात, त्यावरून तुम्हाला कळेल.

काही गोष्टी घरबसल्या बघता येतात. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो. यू-डायस प्लसच्या 'नो युवर स्कूल' पानावर तो टाकला की इयत्तेनुसार मुलं-मुली किती, शिक्षक किती, हे दिसतं. दोन्ही शाळांचा आठवी, नववी, दहावीचा पट शेजारी शेजारी लिहा. आठवीला साठ आणि दहावीला चाळीस असतील, तर ती वीस कुठं गेली हे आत जाऊन विचारा. मुलींचा आकडा वेगळा मांडा. दहावीत मुली अचानक कमी होत असतील तर त्या शाळेत तुमच्या मुलीला सोबत कोण, हाही प्रश्न आहेच.

खासगी शाळा स्वयंअर्थसहाय्यित असेल तर पैशाचाही विचार करा. आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा असते. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख, सातवीत किमान ५५ टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातीला ५०), आणि मुलगी सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतच हवी. विनाअनुदानित शाळेत नाव घातलं की ती दारं बंद. चांगल्या प्रशालांत या परीक्षेसाठी जुलैपासून जादा तास चालतात. किती मुलं बसली आणि किती लागली, हे प्रशालेला विचारा. जिथं जादा तास खरंच होतात तिथं ते अभिमानानं सांगतात.

माझं मत मागितलंत, तर एका अटीवर प्रशाला. गणित आणि विज्ञानाची पदं भरलेली हवीत, आणि ती माणसं प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे गेलेली नकोत. आमच्या प्रशालांची खरी दुखरी नस पोरांची जात किंवा तांडा नाही, रिकामी खुर्ची आहे. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या सरकारी हिशेबात, पद मंजूर असतं, हजेरी पुस्तकावर नाव असतं, आणि वर्गात कुणी नसतं. माझ्या एका शाळेत विज्ञानाचं पद दीड वर्ष रिकामं होतं. इतिहासाचे सर प्रकाशाचे नियम शिकवत होते, बिचारे रात्री माझ्याकडे येऊन आकृत्या समजून घ्यायचे. त्या तुकडीचा विज्ञानाचा निकाल पडला, आणि खापर फुटलं ते ऊसतोडीवर.

पदं रिकामी असतील तर खुशाल खासगी शाळा घ्या, पाऊण तासाचा प्रवास धरूनही. मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, पण गाडी संध्याकाळी किती वाजता परत येते ते आठवडाभर स्वतः बघा. थंडीच्या दिवसांत सहाला अंधार पडतो, आणि आमच्या भागात मुलीची शाळा सुटण्याचं निम्मं कारण तोच अंधार असतो.

जूनमध्ये सगळ्याच शाळा छान दिसतात. प्रशालेत जायचं तर प्रवेशाच्या दिवशी न जाता शनिवारी सकाळी तिसऱ्या तासाला जा, आठवी 'ब'च्या दारात पाच मिनिटं उभ्या राहा. आणि जाण्याआधी मुलीच्या आधारवरचं नाव, जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरमधल्या नोंदीशी जुळते का ते बघून घ्या. जुळलं नाही तर संचमान्यतेच्या पटात ती धरली जात नाही, आणि अशी चार-पाच नावं गळाली की ज्या शिक्षकासाठी तुम्ही शाळा निवडलीत तेच पद जातं.